मृत्यूचे साक्षीदार : मुंबईच्या कॉरोनरपासून सुरतेच्या पंचापर्यंत

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मृत्यूवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या घरीही तो विचारला गेला. पण सार्वजनिक उत्सव हा पहिल्यापासून चार लोकांना शहाणे करण्यासाठीही आहे, आणि ज्या कागदावर सही करायला आपल्यापैकी कोणालाही, कधीही बोलावणे येऊ शकते, त्या कागदाचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा असे आम्हाला वाटते. तो कागद म्हणजे मरणोत्तर पंचनामा. पोलिसांच्या भाषेत ‘इन्क्वेस्ट’.

सरकारी नोकरीत असल्यामुळे पंच म्हणून जाण्याची वेळ आमच्यावर दोन-तीनदा आली. सरकारी माणूस नंतर कोर्टात उलटत नाही, असा पोलिसांचा समज असतो, म्हणून ते आमच्यासारख्यांना शोधतात. पहिल्या वेळी आम्ही मान खाली घालून सही केली आणि घरी येऊन आंघोळ केली. आपण कशावर सही केली, हे नीट वाचलेही नव्हते. नंतर उत्सुकतेने या पद्धतीचा मागोवा घेत गेलो, तेव्हा ती आठशे वर्षे मागे, थेट इंग्लंडच्या राजदरबारात जाऊन पोचली.

राजाचा माणूस

‘कॉरोनर’ हा शब्द ऐकला की आता कोरोनाची आठवण होते. नातेही खरेच आहे, दोन्हींच्या मुळाशी मुकुट आहे. कॉरोनर म्हणजे मुकुटाचा, अर्थात राजाचा माणूस. इंग्लंडमध्ये ११९४ साली प्रत्येक परगण्यात तीन सरदार आणि एक कारकून नेमून राजाच्या हक्काच्या बाबींवर लक्ष ठेवायचे ठरले, तेव्हापासून हे पद धरले जाते. कोणी अचानक मेला तर कॉरोनरने तिथे जायचे, आसपासच्या लोकांना जमवायचे, प्रेत सर्वांसमक्ष पाहायचे आणि हा कसा मेला ते ठरवायचे. हेतू फार उदात्त होता असे नाही. गुन्हेगाराची मालमत्ता राजाकडे जमा होत असे आणि गावावर दंडही बसत असे, म्हणून राजाला प्रत्येक संशयास्पद मृत्यूची खबर हवी होती. पण तिजोरीसाठी सुरू झालेल्या या पद्धतीतून एक चांगली गोष्ट उरली. माणूस अकस्मात गेला तर तो कसा गेला हे कोणीतरी जाहीरपणे विचारलेच पाहिजे, आणि उत्तर एकट्या अधिकाऱ्याने न देता शेजारपाजारच्या माणसांनी द्यायचे.

ही पद्धत इंग्रजी कायद्याबरोबर आपल्याकडे आली, आणि त्या वाटेवर आपले सुरतही आहे. मुंबई बेट कंपनीच्या हाती आले तेव्हा कंपनीचे मुख्य ठाणे इथे, सुरतेत होते. सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट हाच मुंबईचा गव्हर्नर असे. त्यांपैकी जेराल्ड आँजियर याने १६७२ साली मुंबईत पोर्तुगीज कायदा बाजूला करून इंग्रजी कायदा लागू केला. हाच आँजियर १६७७ साली सुरतेत वारला. मुंबईच्या न्यायव्यवस्थेचा पाया घालणारा माणूस सुरतेच्या मातीत मिसळला, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

मुंबईला कॉरोनर, सुरतेला पंच

इंग्रजी राज्य स्थिरावले तेव्हा सरकारने एक भेद केला. कलकत्ता, मुंबई अशा राजधानीच्या शहरांत इंग्लंडसारखा कॉरोनर ठेवला, बाकी मुलुखात मात्र हे काम पोलीस आणि गावकऱ्यांवर सोपवले. १८७१ साली कॉरोनरांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार अपघात, खून, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने अचानक आलेला मृत्यू कळला, किंवा तुरुंगात कैदी दगावला, की कॉरोनरने चौकशी करायची. त्यासाठी पाच ते पंधरा, पण विषम संख्येने, प्रतिष्ठित नागरिकांची ज्यूरी बोलवायची. ज्यूरीने प्रेत पाहायचे, साक्षी ऐकायच्या, डॉक्टरला प्रश्न विचारायचे आणि शेवटी मृत्यूचे कारण लिहून सह्या करायच्या. मुंबईत हे कोर्ट जे. जे. रुग्णालयाच्या आवारात भरत असे. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘कॉरोनरपुढील चौकशी’ हे शब्द वारंवार दिसतात, ते याच कोर्टाबद्दलचे.

त्यांतली एक चौकशी अजून विसरली गेलेली नाही. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून दोन पारशी स्त्रिया खाली पडून मरण पावल्या. त्यांतली एक, बचूबाई, ही अर्देशिर गोदरेज यांची तरुण पत्नी. पुढे ज्यांच्या नावाची कुलपे घरोघरी पोचली तेच हे गोदरेज. त्यांनी उडी घेतली की त्यांना कोणी ढकलले? कॉरोनर आणि ज्यूरीपुढे साक्षी झाल्या, सारे शहर त्या वाचत होते. पुढे खटला उच्च न्यायालयात गेला आणि आरोपी सुटला. नेमके काय घडले हे आजवर कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही. कॉरोनरची चौकशी प्रत्येक कोडे सोडवते असे नाही, हे या प्रकरणातून दिसते. पण प्रश्न चार भिंतींत दडपला गेला नाही, तो लोकांसमोर विचारला गेला, हेही तेवढेच खरे.

मुंबईबाहेरच्या इलाख्यात, म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यात आणि आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव असलेल्या खानदेशातही, वेगळी व्यवस्था होती. १८६७ सालच्या मुंबई इलाख्याच्या गावपोलीस कायद्याने हे काम पोलीस पाटलाकडे दिले. गावात कोणी अचानक किंवा अनैसर्गिक रीतीने मेला, किंवा बेवारस प्रेत सापडले, की पाटलाने गावातली किंवा शेजारची दोन वा अधिक समजूतदार माणसे जमवून मृत्यूच्या कारणाची चौकशी करायची आणि ती लिहून वर पाठवायची. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक ‘पाटलाने पंचनामा केला’ असे सहज बोलत, त्यामागे हा कायदा होता. शहरांत आणि पुढे सर्वत्रच फौजदारी प्रक्रिया संहितेने हे काम पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे दिले. १८९८ सालच्या संहितेतले कलम १७४ आणि १९७३ सालच्या नव्या संहितेतले कलम १७४ यांचा आकडाही एकच आणि गाभाही एकच. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली, पण हा कागद दोन्हीकडे तोच राहिला. ‘पंचनामा’ हा शब्दही मराठी आणि गुजराती दोघींचा आहे. पंच आपले, ‘नामा’ फारसी.

शेवटी १९९९ साली महाराष्ट्राने कायदा करून मुंबईच्या कॉरोनरचे पद बंद केले. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुंबईचा मृत्यू एका कायद्याने आणि सुरतेचा दुसऱ्या कायद्याने तपासला जात होता, तो भेद मिटला. सुरतेला कॉरोनर कधी मिळाला नाही, उलट मुंबईच सुरतेच्या पद्धतीवर आली.

आज नेमके काय होते

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १७४ चे आता कलम १९४ झाले. पद्धत थोडक्यात अशी आहे.

कोणी आत्महत्या केली, कोणाला माणसाने, जनावराने किंवा यंत्राने मारले, अपघातात कोणी गेले, किंवा मृत्यूमागे दुसऱ्या कोणाचा गुन्हा असावा असा संशय आला, की पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने लगेच कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे. मग प्रेत जिथे आहे तिथे जायचे. त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष प्रेताची पाहणी करायची. अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडे, खरचटे, वळ, जे दिसेल ते लिहायचे. त्या खुणा कशाने झाल्या असाव्यात तेही लिहायचे, आणि शेवटी दिसणारे कारण. नव्या संहितेप्रमाणे हा अहवाल २४ तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा. कारणाबद्दल शंका असेल तर प्रेत शवविच्छेदनाला जाते. आपल्याकडे बहुतेक वेळा नवी सिव्हिल किंवा स्मीमेर.

या पंचनाम्याकडून काय अपेक्षा करायची, त्यालाही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली स्पष्ट केले की इन्क्वेस्टचा हेतू मृत्यू अनैसर्गिक किंवा संशयास्पद आहे का आणि असल्यास त्याचे दिसणारे कारण कोणते, एवढे ठरवण्यापुरताच आहे. कोणी मारले, कसे मारले, हा पुढचा तपास. म्हणून पंचांनी पोलीस बनायचे नसते. डोळ्यांना दिसले तेवढे सांगायचे असते.

काही मृत्यूंसाठी कायद्याने आणखी कडक व्यवस्था केली आहे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत एखाद्या स्त्रीने आत्महत्या केली, किंवा तिचा मृत्यू संशयास्पद परिस्थितीत झाला, तर दंडाधिकाऱ्याची चौकशी होते आणि शवविच्छेदनही. हुंडाबळींच्या प्रश्नावर देशभर आंदोलने झाली, त्यांतून १९८३ साली ही तरतूद आली. सात वर्षांच्या आतल्या मृत्यूत माहेरच्या नातेवाइकाने मागणी केली, तरी शव तपासणीला पाठवावे लागते, हे प्रत्येक मुलीच्या आईवडिलांना माहीत हवे. पोलीस कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपवण्याची दुरुस्ती २००५ साली झाली. तुरुंगात कैदी मेला की कॉरोनरने विचारलेच पाहिजे, हा जुना नियमच इथे नव्या रूपात परत आला आहे.

किती वेळा?

हा प्रकार क्वचित घडणारा, असे आपल्याला वाटते. तसे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,३०,५०४ अपघाती मृत्यू आणि १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. म्हणजे रोज सोळाशेहून अधिक. त्याच वर्षीचे २८,५२२ खून वेगळे. प्रत्येक पंचनाम्याला किमान दोन पंच धरले तर रोज तीन हजारांहून अधिक साध्या माणसांनी कुठेतरी उभे राहून एका अनोळखी किंवा ओळखीच्या देहाकडे पाहायचे आणि सही करायची, असा हा हिशोब होतो. तुलनेला इंग्लंड आणि वेल्स घ्या. तिथे कॉरोनर अजून आहे. वर्षाला सुमारे दोन लाख मृत्यू त्याच्याकडे कळवले जातात, पण रीतसर इन्क्वेस्ट त्यांतल्या तीस-चाळीस हजारांचीच होते. बाकीचे मृत्यू नैसर्गिक ठरून तिथेच थांबतात.

आणि सुरतेला हे सांगायला आकडे तरी कशाला हवेत? ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात घुसले. २४ मे २०१९ च्या संध्याकाळी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ जीव गेले. बहुतेक शिकवणीला आलेली मुले. दुर्घटना एक असली तरी कायद्याच्या दृष्टीने मृत्यू प्रत्येकाचा वेगळा असतो. प्रत्येक देहासाठी वेगळा पंचनामा, वेगळी ओळख, वेगळी सही. बावीस हा आकडा वाचायला एक क्षण लागतो, पण त्या रात्री कोणीतरी बावीस वेळा हा कागद भरला असणार.

उजव्या हाताचा तळवा

आता आमचा दुसऱ्या वेळचा अनुभव सांगतो. उधना बाजूच्या एका कारखान्यात धुळ्याकडचा एक तरुण कामगार काम करता करता कोसळला आणि गेला. आम्ही आणि त्याच्याच गावचा एक प्रौढ माणूस, असे दोघे पंच. अंगावरचे कपडे, खिशातले सामान लिहून झाले. पुढे मजकूर आला, अंगावर बाह्य जखम दिसत नाही. उन्हाळा होता, माणूस चक्कर येऊन पडला असेल, असेच सर्वजण बोलत होते. नातेवाइकांनाही घाई होती, रात्रीच्या गाडीने प्रेत गावी न्यायचे होते.

आम्ही सही करणार, एवढ्यात तो गावकरी हळूच म्हणाला, “साहेब, त्याचा उजवा हात उघडून बघा ना.” मूठ अर्धी मिटलेली होती. जमादारांनी ती उघडली. अंगठ्याच्या मुळाशी हरभऱ्याएवढा काळा, जळलेला डाग होता. जमादार भला माणूस. त्यांनी ओळ खोडली, नव्याने लिहिली आणि खोडलेल्या जागी आमच्या सह्या घेतल्या. शवविच्छेदनात विजेचा धक्का निघाला. पुढे त्याच्या बायकोला कामगार म्हणून नुकसानभरपाई मागता आली, ती त्या डागाच्या एका ओळीपासून सुरू झाली. चक्कर येऊन पडला असेच कागदावर राहिले असते, तर तिच्या हातात काहीच नव्हते.

त्या गावकऱ्याला गुजराती वाचता येत नव्हते. पंचनामा गुजरातीत होता. पण त्याने हात पाहिला होता. आम्ही दोन्ही भाषा वाचणारे, डिप्लोमा झालेले सरकारी कर्मचारी, आम्ही मात्र फक्त कागद पाहिला होता. हे लिहिताना अजून संकोच वाटतो.

सहीचे मोल

कायद्यातले एक वाक्य तेव्हापासून आमच्या मनात घर करून आहे. पंचनाम्यावर पोलीस अधिकारी सही करेल, आणि इतरांपैकी जे त्याच्याशी सहमत असतील तेच सही करतील, अशी त्याची रचना आहे. सहमत असतील तेच. म्हणजे पटत नसेल तर सही न करण्याचा हक्क पंचाला कायद्यानेच दिला आहे. पंच हा पोलिसांचा साक्षीदार म्हणून उभा केलेला बाहुला नाही. मुंबईच्या कॉरोनरपुढे बसणाऱ्या ज्यूरीचे जे काही उरले आहे, ते या दोन माणसांत उरले आहे. कॉरोनर गेला, ज्यूरी गेली, पण ‘दोन शेजारी’ कायद्यात शिल्लक आहेत.

आपल्या समाजात मात्र दोन गोष्टी घडतात. एक, पंच म्हणून जायला कोणी तयार नसते. कोर्टाच्या चकरा लागतील, मृताचे घरचे नाराज होतील, अपवित्र वाटते. दोन, आपले खानदेशी बांधव पांडेसरा, डिंडोली, लिंबायतमध्ये एखादा अकस्मात गेला की शक्यतो पोलिसांना न कळवता प्रेत रातोरात गावी नेण्याच्या मागे असतात. “मेलेल्याची चिरफाड कशाला?” हा प्रश्न मायेतून येतो, आम्ही तो समजू शकतो. पण गावी अग्नी दिल्यावर सहा महिन्यांनी विम्याचा, अपघाताच्या दाव्याचा किंवा कामगार भरपाईचा कागद मागितला जातो, तेव्हा हातात काहीच नसते. मग तीच माणसे आमच्याकडे येतात, आणि आम्हाला हात जोडून सांगावे लागते की आता उशीर झाला.

म्हणून थोडे सांगणे आहे. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर पोलिसांना कळवा, पंचनाम्याशिवाय देह हलवू नका. पंच म्हणून बोलावणे आले तर जा. लेखी समन्स काढून बोलावण्याचा अधिकार पोलिसांना आहेच, पण त्याची वेळ येऊ देऊ नका. पंचनामा गुजरातीत असेल आणि वाचता येत नसेल, तर मोठ्याने वाचून, मराठीत समजावून घ्या. तळवे, नखे, पाठ, मान पाहिल्याशिवाय ‘जखम नाही’ यावर सही करू नका. कोरी जागा राहिली असेल तर ती रेघ मारून बंद करायला सांगा. जे पटत नाही ते नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. पंचनाम्याची तारीख, ठाणे आणि अकस्मात मृत्यूचा नोंदणी क्रमांक कुटुंबाला लिहून द्या, पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागतो.

आपण विसर्जनाच्या दिवशी बाप्पाला निरोप देताना वाटेत त्याला कुठे धक्का लागू नये म्हणून किती जपतो. आपल्यातल्या एखाद्या माणसाचा शेवटचा निरोप अकस्मात आला, तर तेवढ्याच काळजीने त्याच्याकडे पाहणे आपल्याच हाती आहे. त्या दिवशी त्या गावकऱ्याने मूठ उघडायला सांगितली नसती, तर आमची सही एका खोट्या कागदावर राहिली असती.

गणपती बाप्पा मोरया!